पँथरचा शेरीफ

पँथर म्हटले की आपल्यासमोर १९७२ ची मुंबई उभी राहते. राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार ही नावे आठवतात. थोडा अधिक वाचलेला कार्यकर्ता असेल तर तो अमेरिकेतील ओकलंडचे नाव घेतो, ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये स्थापन केलेल्या ब्लॅक पँथर पार्टीचा दाखला देतो आणि तिथे थांबतो. पण ओकलंडच्या तरुणांनी तो काळा पँथर आणला कुठून? तो आला अलाबामा राज्यातील लाऊंड्स नावाच्या काउंटीतून, कापूस पिकवणाऱ्या खेड्यापाड्यांतून. तिथे ज्या संघटनेची ती निशाणी होती, तिचे नेते जॉन ह्यूलेट पुढे त्याच काउंटीचे शेरीफ झाले आणि बावीस वर्षे त्या पदावर राहिले. आज आम्ही त्यांची आठवण काढतो आहोत.

मुंबईचा शेरीफ म्हणजे नगरपाल. पाहुण्यांच्या स्वागताला उभा राहणारा मानाचा माणूस. अमेरिकेतल्या काउंटीचा शेरीफ तसा नव्हे. तो पोलीसप्रमुख असतो, तुरुंग त्याच्या ताब्यात असतो, अटक त्याचे शिपाई करतात, हाताखाली कोणाला बिल्ला द्यायचा हेही तोच ठरवतो. आणि मुख्य म्हणजे त्याला सरकार नेमत नाही. लोक त्याला मतदानाने निवडतात. म्हणूनच लाऊंड्समध्ये हे मतदान गोऱ्यांपुरते राखून ठेवलेले होते. काउंटीची लोकसंख्या जेमतेम पंधरा हजार, त्यात पाचापैकी चार माणसे काळी. तरीही १९६५ च्या सुरुवातीला मतदारयादीत एकाही काळ्या माणसाचे नाव नव्हते! ‘रक्तरंजित लाऊंड्स’ असेच त्या मुलखाला म्हणत.

ह्यूलेट यांचा जन्म १९२७ चा, याच काउंटीतला. तरुणपणी ते बर्मिंगहॅम शहरात कारखान्यात कामाला गेले, तिथे युनियन शिकले, नागरी हक्कांची चळवळ शिकले आणि मग गावी परतले. मार्च १९६५ मध्ये काळ्या लोकांचा एक जथा मतदार नोंदणीसाठी हेनविल या काउंटीच्या मुख्य ठिकाणी गेला. आधी त्यांना परत पाठवले. पुन्हा गेले तेव्हा त्यांची परीक्षा घेतली ती जुन्या तुरुंगाच्या इमारतीत. भीती घालण्यासाठी यापेक्षा चांगली जागा कोणती? त्या परीक्षेतून जी पहिली दोन नावे यादीत चढली त्यातले एक ह्यूलेट यांचे, दुसरे एका अंध धर्मोपदेशकाचे.

त्याच वर्षी २० ऑगस्टला हेनविलच्या तुरुंगातून नुकतेच सुटलेले काही कार्यकर्ते एका दुकानाशी आले. दारात टॉम कोलमन बंदूक घेऊन उभा होता. सतरा वर्षांच्या रूबी सेल्स या काळ्या मुलीला बाजूला ढकलून जोनाथन डॅनियल्स या गोऱ्या धर्मविद्यार्थ्याने गोळी स्वतःच्या छातीवर घेतली. डॅनियल्स जागीच गेला. कोलमन हा शेरीफच्या कचेरीचा मानद शिपाई होता. म्हणजे ज्याच्याकडे तक्रार करायची, तोच मारेकऱ्याच्या बाजूचा. सगळ्या गोऱ्या ज्यूरीने कोलमनला सप्टेंबरअखेर निर्दोष सोडले. लाऊंड्सच्या ज्यूरीतून काळ्यांना आणि स्त्रियांना वगळणे घटनाबाह्य आहे असा निकाल संघराज्याच्या न्यायालयाने दिला, पण तो फेब्रुवारी १९६६ मध्ये. डॅनियल्सला त्याचा काय उपयोग?

मतदार हक्काचा कायदा ऑगस्ट १९६५ मध्ये झाला होता. नावे नोंदवली जाऊ लागली तसे मळेवाले कुळांना घराबाहेर काढू लागले. ही कुटुंबे हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकून राहिली, तंबूंवर रात्री गोळ्या झाडल्या गेल्या, पण नावे मागे घेतली नाहीत. आपल्याकडे मेलेली गुरे ओढणे सोडले म्हणून ज्या वस्त्यांवर बहिष्कार पडला, त्यांना हे तंबू समजावून सांगावे लागणार नाहीत.

आता मते होती. ती द्यायची कोणाला? अलाबामाच्या डेमोक्रॅटिक पक्षाची निशाणी होती पांढरा कोंबडा आणि त्याच्याभोवती गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा. स्टोकली कार्मायकल आणि त्यांच्या विद्यार्थी संघटनेच्या मदतीने ह्यूलेट आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतःचा पक्ष काढला. अक्षरओळख नसलेल्या मतदारासाठी निशाणी लागते हे बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती पाहिलेल्या माणसाला ठाऊक आहे. लाऊंड्सने निवडला काळा पँथर. मागे रेटत नेले तर मागे सरतो, कोपऱ्यात कोंडले तर जिवानिशी झेप घेतो, असा त्याचा अर्थ ह्यूलेट सांगत.

याहून आम्हाला महत्त्वाची वाटते ती त्यांनी काढलेली चित्रांची पुस्तके. शेरीफ काय करतो, कर ठरवणारा अधिकारी काय करतो, शाळामंडळ काय करते, हे साध्या चित्रांतून सांगणारी. शेतमजुराला कळावे की हे काम करायला गोरी कातडी लागत नाही. आपल्या किती शिबिरांतून ठाणे अंमलदाराची कर्तव्ये, पंचनाम्याचे नियम, तलाठ्याचे अधिकार असे शिकवले जातात? आपल्याकडे भाषणे फार झाली.

३ मे १९६६ रोजी उमेदवार ठरवण्यासाठी हेनविलच्या चर्चपाशी सुमारे नऊशे लोक जमले. नोव्हेंबरमध्ये पँथरचे सातही उमेदवार पडले. पराभवानंतर संघटना मोडली नाही, आणि १९७० मध्ये जॉन ह्यूलेट शेरीफ म्हणून निवडून आले. बिल्ला कोणाला द्यायचा हे आता त्यांच्या हाती होते. कोलमन १९९७ पर्यंत जगला, हेनविलमध्येच. त्याने ज्या कचेरीच्या जोरावर बंदूक उचलली होती तिच्या खुर्चीवर एक काळा माणूस बसलेला त्याला बावीस वर्षे पाहावा लागला. ह्यूलेट यांनी त्याच्यावर सूड उगवला नाही. कायद्याने तो सुटलेला होता, आणि ह्यूलेट कायद्याचे अधिकारी होते.

गुणगान करून थांबणे आम्हाला पटत नाही. पँथरची ती संघटना पुढे त्याच पांढऱ्या कोंबड्याच्या पक्षात विरघळली आणि ह्यूलेटही त्यासोबत गेले. (कोंबड्याखालची घोषणा तोवर बदलली होती, हे खरे.) आपल्याकडे कोणकोण कोणत्या कोंबड्याच्या पंखाखाली गेले ते वाचकांनी आपापल्या परीने आठवावे. शेरीफची कचेरी मिळाली, जमीन मात्र मळेवाल्यांकडेच राहिली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय पाहणीत लाऊंड्समधल्या तपासलेल्या ५५ जणांपैकी १९ जणांच्या नमुन्यांत अंकुशकृमीचे अंश सापडले, कारण घरामागे उघडे सांडपाणी. २०२३ मध्ये संघराज्य सरकारने याबाबत राज्याशी केलेला करार एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने मोडीत काढला. राजकीय समता आणि आर्थिक विषमता यांच्या विसंगतीबद्दल बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिलेला इशारा लाऊंड्सलाही लागू पडतो.

तरीही त्या खुर्चीची किंमत आपल्याइतकी कोणाला कळणार? गावचा महार पिढ्यान्‌पिढ्या वेशीवर पहारा देत होता, चोराचा माग काढत होता, सरकारी वसुलीचा पैसा डोक्यावरून पोहोचवत होता. कायद्याची सगळी हमाली त्याची, अधिकार एकही त्याचा नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन दुरुस्तीचे बिल आणले. महार वतन कायद्याने संपायला १९५८ उजाडले.

शेरीफपदानंतर काही वर्षे काउंटीचे न्यायाधीश राहून ह्यूलेट निवृत्त झाले. २१ ऑगस्ट २००६ रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याला सव्वा महिना झाला आणि भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. त्या प्रकरणाच्या मुळाशी एका पोलीस पाटलाला झालेली मारहाण होती. हा पोलीस पाटील आपल्याच समाजाचा. पद सरकारी, शिक्का सरकारी, तरी गावगुंडांनी त्याला बेदम मारले. त्याच्या बाजूने साक्ष देण्याचे धाडस सुरेखा भोतमांगे यांनी केले. २९ सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटून आले आणि त्याच संध्याकाळी सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांचे काय झाले ते आम्ही पुन्हा लिहीत नाही. पोलिसांना कळवले होते. पोलीस वेळेवर आले नाहीत. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले आणि सहा जणांना फाशी सुनावली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या सक्तमजुरीत बदलली, आणि दोन्ही न्यायालयांना या खुनांत जात दिसली नाही. अॅट्रॉसिटीचे कलम लागले नाही ते नाहीच.