चर्चमधला वादक: सेवा की मानधन?

आजचा विषय थोडा नाजूक आहे. रविवारच्या उपासनेत वाजवणाऱ्याला चर्चनं पैसे द्यावेत का?

नोकरीत असताना एका छावणीच्या गावी आमच्या चर्चमध्ये एक तरुण कीबोर्ड वाजवायचा. शनिवारी सराव, रविवारी 2 उपासना, शिवाय लग्नं आणि अंत्यविधी. पोट शिकवण्यांवर. एकदा त्यानं मानधनाचं विचारलं. कमिटीचं उत्तर आलं, "देवाच्या कामाचे पैसे मागतोस?" नाताळला त्याला शाल दिली. पुढच्या वर्षी तो हॉटेलात वाजवू लागला आणि आम्ही रेकॉर्ड केलेल्या संगीतावर गाऊ लागलो. त्या कमिटीत मीही होतो. गप्प बसलो होतो.

ते उत्तर बायबलला धरून होतं का? जुन्या करारात मंदिरातले गायक लेवी वंशाचे. 1 इतिहासाच्या 9व्या अध्यायात नोंद आहे की ते रात्रंदिवस याच कामात असत, म्हणून त्यांना इतर कामं माफ होती. लेवींचा निर्वाह लोकांच्या दशांशावर चाले. नहेम्याच्या 13व्या अध्यायात हा वाटा बंद पडतो आणि गायक आपापल्या शेतावर निघून जातात. नहेम्या त्यांच्या श्रद्धेवर बोट ठेवत नाही. तो अधिकाऱ्यांना जाब विचारतो, गायकांना परत आणतो आणि वाटपावर विश्वासू माणसं नेमतो.

आता बाख पाहा. 1723 पासून तो लाइपझिगच्या चर्चचं संगीत सांभाळत होता. 1730 मध्ये त्यानं एका मित्राला लिहिलं की आदल्या वर्षी हवा निरोगी होती, अंत्यविधी कमी झाले आणि आपलं 100 थालरहून जास्त उत्पन्न बुडालं! हाच माणूस आपल्या कित्येक रचनांच्या शेवटी 'केवळ देवाचा गौरव' या अर्थाची लॅटिन आद्याक्षरं लिहीत असे. पैसा आणि भक्ती एकाच हातात होती.

आपल्या गोव्यातही चर्चच्या शाळेत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवणारा, चर्चमध्ये गायन-वादन सांभाळणारा मेस्त हा पगारी माणूस होता. या शाळांत घडलेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले.

आणि आमचं लष्कर? पलटणीतले पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री जेसीओ असतात, दरमहा पगार घेतात. त्यांची प्रार्थना पगारामुळे खोटी ठरली, असं कुठल्याही जवानाच्या तोंडून मी ऐकलं नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. छोट्या चर्चकडे पैसा नसतो. वादकाला दिलं तर गायकवृंदाला का नाही, हा प्रश्न उठतो. म्हणून माझा नियम साधा आहे. ज्याला "या रविवारी जमणार नाही" असं मोकळेपणी म्हणता येतं, त्याची सेवा. ज्यानं हजर राहायलाच हवं, सराव घ्यायलाच हवा, त्याची ड्यूटी. ड्यूटी लावली की मानधन द्यावं. ऐपत नसेल तर ड्यूटी लावू नये. जमेल तेव्हा ये म्हणावं आणि निदान प्रवासखर्च द्यावा.

मानधन खजिनदाराच्या वहीतून, ठरलेल्या तारखेला द्यावं. कुणाच्या खिशातून पाकीट निघालं की ती मेहेरबानी होते.

वादकाला फुकटच वाजवायचं असेल तर? उत्तम. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, 9व्या अध्यायात, सुवार्तेच्या सेवकाचा निर्वाहाचा हक्क आधी ठामपणे मांडला आणि मग स्वतःपुरता सोडला. क्रम लक्षात घ्या. हक्क ज्याचा, त्यानंच तो सोडायचा. वादकानं पैसे घेऊन दानपेटीत टाकले, तर ते त्याचं अर्पण. आम्ही दिलेच नाहीत, तर ती आमची बचत.

त्या तरुणाच्या वाजवण्याला आम्ही सेवा म्हणत होतो. खरं तर आम्ही बचत करत होतो. पुढच्या रविवारी उपासना संपली की तुमच्या वादकाला एवढंच विचारा: "बाबा, तुझं भागतं का?"

जय हिंद.