पी हळद, हो गोरी : हळदीच्या गुणांविषयीची साक्ष

हळदीच्या औषधी गुणांचा विचार भारतीय साहित्याला वाहिलेल्या नियतकालिकात कशासाठी करावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की हळदीविषयी आपण जे निश्चितपणे जाणतो असे समजतो, त्यातील फार थोडा भाग प्रयोगशाळेतून आलेला आहे. उरलेला सारा शब्दांतून आला आहे : निघंटूंतील पर्यायशब्द, लग्नातील विधी, म्हणी, आजीबाईचा बटवा, आणि अलीकडच्या काळात पेटंटमधील दावे व औषधांच्या बाटल्यांवरील मजकूर. या सर्व ठिकाणी बोलली जाणारी हळद एकच आहे, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे, असे मला प्रथम बंगळूरच्या चिकपेटेत जाणवले.

चिकपेटेत मराठी नवखी नाही. 1638 मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले व पुढे शहाजीराजांना ते जहागिरीदाखल मिळाले. त्यांचा निवास असलेला गौरीमहाल चिकपेटेतच होता असे सांगतात. (गौरी हे हरिद्रेचेही एक नाव आहे, अर्थात हा योगायोग शब्दापुरताच.) शहाजीराजांच्या बहुभाषिक दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये यांच्या राधामाधवविलासचंपूत आहे, व तो ग्रंथ राजवाड्यांनी 1922 मध्ये प्रसिद्ध केल्याचे अभ्यासकांना ठाऊकच आहे. या पेठेत आजही कापडाच्या व शिवणकामाच्या धंद्यातील मराठी घरे आढळतात. त्यांच्या मराठीत कन्नड किती मुरले आहे, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

अशा एका गल्लीत काष्ठौषधी व पूजासाहित्याचे दुकान आहे. कन्नडात अशा दुकानाला ग्रंधिगे अंगडी म्हणतात. तेथे मी 'हळदी' मागितली आणि दुकानदार क्षणभर थबकला. कारण कन्नडात 'हळदी' म्हणजे पिवळा रंग, पदार्थाचे नाव 'अरिशिन'. आपल्याकडे जे द्रव्यनाम, ते शेजारच्या भाषेत रंगनाम होऊन बसले आहे. मात्र त्याचा पुढचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटला. त्याने विचारले, कशासाठी हवी : खायला, अंगाला लावायला, की पूजेला? प्रत्येकासाठी त्याच्याकडे वेगळा डबा होता.

हा प्रश्न वैद्यकदृष्ट्याही बिनचूक आहे. स्वयंपाकातील हळद ही एक वनस्पती; मुक्या मारावर उगाळून लावतात ती आंबेहळद दुसरी; आणि दारुहळद तर हळदीच्या कुळातलीही नव्हे, ते एका काटेरी झुडपाचे पिवळे लाकूड आहे. रंगाच्या साम्याने भाषेने तिघींना एका नावाखाली आणले. त्यामुळे एकीचे गुण दुसरीच्या नावावर जमा होणे सोपे झाले.

स्वयंपाकातील हळदीला पिवळेपणा देणारे द्रव्य 1815 मध्ये युरोपात प्रथम वेगळे काढण्यात आले व त्याला कर्क्युमिन हे नाव मिळाले. हे नाव अरबी 'कुर्कुम'वरून आले. कुर्कुम म्हणजे मुळात केशर, आणि संस्कृतातील 'कुंकुम'ही केशरच. पुढे आपल्याकडे कुंकू हळदीपासून होऊ लागले आणि तिकडे कुर्कुम हळदीला चिकटला. दोन्हीकडे महाग वस्तूचे नाव स्वस्त वस्तूने घेतले. कर्क्युमिनची रेण्वीय रचना 1910 मध्ये निश्चित झाली. त्याच्याबरोबर त्याची दोन भावंडेही हळदीत असतात, आणि हळदीचा वास व काही गुण टर्मेरोन नावाच्या तैलद्रव्यांत असतात. हळदीच्या वजनात कर्क्युमिनचे प्रमाण सरासरी केवळ 3 टक्क्यांच्या आसपास भरते, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी; पुढील सर्व हिशेब तीवर उभा आहे.

चुन्यासारख्या अल्कलीचा स्पर्श होताच हळद लाल होते. ज्या स्वभावामुळे हे घडते, त्याच स्वभावामुळे शुद्ध कर्क्युमिन किंचितही अल्कधर्मी द्रावणात फार काळ टिकत नाही. आतड्यातून ते थोडे शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याचे यकृत लगेच रूपांतर करून टाकते. परीक्षानळीत ते दाह कमी करते, जंतूंची वाढ रोखते, कर्करोगाच्या पेशींनाही आवर घालते. परंतु परीक्षानळीला यकृत नसते.

या अडचणीवरचा सर्वांत प्रसिद्ध उपाय बंगळूरच्याच सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातून 1998 मध्ये पुढे आला. 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पायपेरिन, म्हणजे मिऱ्याचे तिखट सत्त्व, दिले असता रक्तातील उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढल्याचे तेथील संशोधकांना आढळले. तेव्हापासून 'आपल्या पूर्वजांनी फोडणीत हळद आणि मिरी एकत्र आणली ती उगीच नव्हे' अशा आशयाची वाक्ये सर्वत्र लिहिली जातात. मला या वाक्याचा मोह होतो, पण ते टिकत नाही. 2 ग्रॅम कर्क्युमिन मिळवायला सुमारे 65 ग्रॅम हळद लागेल. कोणत्याही घरच्या वरणात ती पडत नाही. शिवाय जवळजवळ शून्याच्या वीसपट हे फार मोठे नसते. आणि पायपेरिन यकृताचे जे काम मंदावते, त्याचा परिणाम इतर औषधांवरही होतो.

ग्रंथांची साक्ष काय सांगते? चरकाने हरिद्रेची गणना लेखनीय, कुष्ठघ्न व विषघ्न या गणांत केली आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या अखेरीस प्रमेहावरील श्रेष्ठ द्रव्य म्हणून आवळा आणि हळद यांची जोडी सांगितली आहे. इथे भाषांतराचा प्रश्न उभा राहतो. प्रमेहाचे वीस प्रकार आहेत व मधुमेह हा त्यांपैकी एक. 'प्रमेह म्हणजे डायबेटीस' असे एका शब्दात उरकले, की वीसांसाठी सांगितलेले औषध एकावर रामबाण ठरते. आपण काव्याच्या भाषांतरात असली चूक सहन करणार नाही.

ग्रंथांच्या साक्षीचा खरा कस 1995 नंतर लागला. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट त्या वर्षी अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांना मिळाले. रघुनाथ माशेलकर त्या वेळी भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते; परिषदेने 1996 मध्ये फेरतपासणीची मागणी केली. त्या काळच्या अमेरिकन कायद्यानुसार परदेशातील मौखिक वापर हा पुरावा होत नसे. छापील मजकूर हवा होता. म्हणून संस्कृत, उर्दू, हिंदी इत्यादी भाषांतील 32 संदर्भ सादर करण्यात आले, आणि 1997 मध्ये दावे रद्द ठरले. कोट्यवधी घरांत चिमूटभर हळद जखमेवर दाबली जात होती, तरी ती छापील पानावर येईपर्यंत जणू घडतच नव्हती. मौखिक परंपरेच्या अभ्यासकांनी या प्रकरणाचा जितका विचार करायला हवा होता तितका केलेला मला दिसत नाही.

मात्र या विजयाचा एक चुकीचा अर्थ रूढ झाला आहे. हा वापर नवा नाही, एवढेच त्यात सिद्ध झाले. हळदीने जखम भरते की नाही, हा प्रश्न तेथे निकालात निघाला नाही. जुनेपणा आणि खरेपणा या वेगळ्या गोष्टी आहेत.

मग सिद्ध काय आहे? गुडघ्याच्या संधिवातात काहीसा आराम पडतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. 2014 मध्ये थायलंडमध्ये 367 रुग्णांवर झालेल्या चाचणीत हळदीचा अर्क वेदनेच्या बाबतीत आयबुप्रोफेनच्या तोडीचा ठरला. याउलट 2017 मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकात आलेल्या समीक्षेने 120हून अधिक चाचण्यांचा मागोवा घेऊन कर्क्युमिनचे यश निर्णायकपणे दाखवणारी एकही काटेकोर चाचणी सापडत नसल्याचा निष्कर्ष काढला. आणि 2022 मध्ये अमेरिकेतील यकृतरोगतज्ज्ञांच्या एका संघाने हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या 10 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी 5 जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला. ताटातील हळदीने असे होत नाही. भेसळीचा धोका मात्र ताटातल्या हळदीलाही आहे : रंग उठावदार करण्यासाठी मिसळला जाणारा शिशाचा क्रोमेट हे विषच, म्हणून हळकुंडे घेऊन घरी किंवा गिरणीत दळणे अजूनही शहाणपणाचे.

हे सारे लिहिण्यास निमित्त झाले ते चिकपेटेतील एका वयोवृद्ध मराठी शिंप्यांचे. मी शिकवण्याचे काम करतो एवढे कळल्यावर त्यांनी दुकानाच्या गल्ल्यातून कर्क्युमिनच्या गोळ्यांची बाटली काढली. तिच्यावर चरकाचे नाव होते, मिऱ्याचे सत्त्व असल्याचा उल्लेख होता, आणि 'पाच हजार वर्षे' हे शब्द होते. ''मास्तर, साखरेची गोळी सोडून ही घेतली तर चालते काय?'' असे त्यांनी विचारले. नातवाने आणून दिली होती. रक्त पातळ राहण्याचीही एक गोळी त्यांना रोज घ्यावी लागत होती.

मी वैद्य नाही. तरी समोरची बाटली हीही एक संहिताच होती, आणि ती वाचून दाखवणे माझ्या अधिकारात बसत होते. चरकाची हळद म्हणजे अख्खे मूळ, हा त्यातून काढलेला अर्क. मिऱ्याचे सत्त्व तुमच्या दुसऱ्या गोळ्यांचा जोर अनपेक्षितपणे वाढवू शकेल. रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत हा अर्क घातक ठरू शकतो. साखरेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नका. एवढे मी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि हसून म्हणाले, ''म्हणजे पी हळद, हो गोरी म्हणतात तसलेच की हे.'' ही म्हण उतावळेपणाची थट्टा करते. हळद प्यायल्याबरोबर कोणी गोरे होत नाही हे ती बनवणाऱ्यांना पुरते ठाऊक होते, आणि तरीही त्या घरांतून हळद कधी हद्दपार झाली नाही.

मग त्यांनी गुडघ्याला लेप लावायला कोणती हळद घ्यावी ते विचारले. मी त्यांना समोरच्या ग्रंधिगे अंगडीत पाठवले.