मोडलेले झाड उतरवताना

झाड पाडणे आणि झाड उतरवणे या क्रिया बोलण्यात एकच वाटत असल्या, तरी कामाच्या दृष्टीने त्या अगदी वेगळ्या आहेत. पाडताना बुंध्याला पडायच्या बाजूने खाच घेऊन मागून काप दिला जातो आणि अखंड झाड मोकळ्या जागेत आडवे होते. उतरवताना मात्र शेंड्याकडून खाली येत फांद्या आणि खोड तुकड्यातुकड्यांनी कापले जाते, कारण खाली घर, गोठा, रस्ता किंवा विजेची तार असल्यामुळे आडवे व्हायला जागाच नसते. शिरूर तालुक्याच्या पश्चिम भागातील केंदूरसारख्या गावात हा प्रश्न बहुधा वळवाच्या पावसानंतर उभा राहतो. सोसाट्याच्या वाऱ्यात वस्तीवरच्या कडुनिंबाची फांदी बेचक्यातून फाटून पत्र्यावर लोंबकळते, किंवा बांधावरची चिंच मुळासकट कलते, आणि मग चढण्यात तरबेज अशा एखाद्या माणसाचा शोध सुरू होतो. खरे तर कोणी चढायचे हा या कामातला शेवटचा प्रश्न असायला हवा. झाड माणसाला पेलेल काय, हा पहिला.

याचे कारण साधे आहे. निरोगी झाडावर चढणाऱ्याचा पट्टा, दोर आणि पाय या सर्वांचा आधार झाडच असते. मोडलेल्या झाडाच्या बाबतीत हा आधारच संशयास्पद असल्यामुळे उत्तम प्रतीचा पट्टा आणि नवा दोर असूनही, ज्या फांदीला तो दोर बांधला तीच सुटली तर सगळी साधने माणसासकट खाली येतात. दहा मीटरवरून पडणारी वस्तू दीड सेकंदाच्या आत जमिनीवर येते आणि त्या वेळी तिचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे सावरायला वेळ का मिळत नाही ते कळते.

म्हणून पाहणी जमिनीवरून सुरू होते. खोडावर लाकडी हातोड्याने ठोकले असता भरीव लाकूड घट्ट आवाज देते, तर ढोली असलेले खोड घुमते. मात्र ढोली दिसली की झाड गेले, असे मानण्याचे कारण नाही. पोकळ बांबू जसा वाऱ्यात टिकतो तसेच खोडाचे बळ मुख्यतः बाहेरच्या कड्यात असते. गोल खोडाची निम्म्या त्रिज्येपर्यंतची गाभ्याची जागा पोकळ झाली, तरी वाकण्याला विरोध करण्याची त्याची ताकद गणिताने सुमारे सहा टक्केच घटते. पोकळी त्रिज्येच्या सात दशांशापर्यंत पोचली की ही घट सुमारे चोवीस टक्के होते आणि त्यापुढे झपाट्याने वाढते. जर्मन अभ्यासक क्लाउस माथेक यांनी पडलेल्या आणि उभ्या झाडांच्या मोजमापांवरून जो ठोकताळा मांडला, तोही निरोगी कड्याची जाडी त्रिज्येच्या साधारण तीन दशांशाहून कमी झाली की धोका वाढतो असाच आहे. पण हे सारे बंद कड्याला लागू पडते. ढोलीला एका अंगाने तोंड फुटले असेल किंवा खोडाला उभी चीर गेली असेल, तर नळीची पन्हाळ होते आणि वरचे गणित कोसळते.

बुंध्याजवळ उगवलेली कडक, थरांची बुरशी ही त्याहून वाईट खूण समजावी, कारण ती बहुधा मुळे आणि बुंधा आतून कुजत असल्याचे सांगते. अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी दाखवून दिले, की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभारून त्याला कोंडते आणि वर नवे लाकूड चढवते. त्यामुळे बाहेरून साल जुळून आलेले बेचके आतून जुनी चीर तशीच बाळगून असू शकते. जमीन एका बाजूने उचलली गेली असेल, ताजी भेग पडली असेल, किंवा रस्ता, चारी, जलवाहिनी यांसाठी मुळे तोडली गेली असतील, तर अशा झाडावर कोणीही चढू नये. तेथे हायड्रा क्रेन किंवा पाळण्याची गाडी आणून, झाडाचा आधार न घेता काम करणे हाच मार्ग उरतो. हायड्राचे भाडे जास्त वाटते, हे खरे. गावाकडे निर्णय बहुतेकदा तेथेच फिरतो.

झाड चढण्याजोगे ठरले तरी दोरांचे गणित सोडून चालत नाही. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला हजार किलोच्या जवळ जाऊ शकते, म्हणजे अर्धा मीटर जाडीचा आणि एक मीटर लांबीचा ओंडकाच दीडशे ते दोनशे किलोंचा भरतो. हा ओंडका वर बांधलेल्या कप्पीवरून दोराने उतरवला, तर खाली धरणाऱ्याचा ताण आणि ओंडक्याचा भार मिळून कप्पीच्या जागेवर जवळजवळ दुप्पट ओढ येते, आणि तो आधी थोडासा पडून मग दोरात अडकला तर हिसक्याने ही ओढ वजनाच्या कितीतरी पट होते. भक्कम खोड हे सोसते. चिरलेले खोड याच क्षणी फुटते, आणि माणूस त्याच खोडाला बांधलेला असतो. यासाठी तुकडे लहान घ्यावेत, कप्पी जखमेच्या वर बांधू नये, आणि शक्य असेल तेथे शेजारच्या निरोगी झाडाचा आधार घ्यावा. चढणारा करवत चालवताना दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेला असावा आणि त्यातला एक आधार सहज न कापला जाणारा, म्हणजे पोलादी तारेचा, असावा. कमरेच्या दोरापेक्षा पूर्ण शरीराचा पट्टा, ज्यासाठी भारतीय मानक आय.एस. 3521 आहे, कितीतरी चांगला.

कापातही फसगत असते. वाकलेल्या फांदीच्या एका अंगाचे तंतू ताणलेले आणि दुसऱ्या अंगाचे दाबलेले असतात. दाबाच्या अंगाने खोल काप घेतला तर करवत चिमटीत अडकते, आणि ताणाच्या अंगाने एकदम काप दिला तर फांदी उभी फाटून उसळते. मुळासकट कललेल्या झाडाचे खोड कापल्यावर मुळांचा गड्डा मातीच्या भाराने अचानक मागे बसतो, म्हणून त्याच्या खड्ड्यात उभे राहणे हा शुद्ध अविचार होय.

तारा जवळ असतील तर वायरमनकडून डीपीवरून लाइन बंद करून घेतल्याशिवाय आणि दुसऱ्या बाजूने जनित्राचा किंवा इन्व्हर्टरचा प्रवाह उलटा येत नाही याची खात्री झाल्याशिवाय ओल्या फांदीला हात लावू नये. महावितरणकडे तक्रार नोंदवण्यासाठी 1912 हा क्रमांक आहे. खाली बघ्यांना झाडाच्या उंचीच्या दीड ते दुप्पट अंतरापलीकडे ठेवावे. वर बेशुद्ध झालेल्या माणसाला उतरवू शकेल असा दुसरा चढणारा, दोरासह, जमिनीवर हजर असावा. पट्ट्यात निश्चल लोंबकळणाऱ्या माणसाचे रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांतच त्याच्या जिवावर बेतू शकते.

चढण्याची घाई वाईट, पाहणीची मात्र नाही. 9 एप्रिल 2023 च्या संध्याकाळी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात मंदिराच्या आवारातील जुना कडुनिंब पत्र्याच्या शेडवर कोसळून 7 जणांचा बळी गेला. लोक जमतात तेथील झाडाची पाहणी वादळाआधीच व्हायला हवी. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने पुणे जिल्ह्यातही असंख्य झाडे मोडली. मात्र घाईतही कायदा विसरू नये: ग्रामीण भागात 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायद्यामुळे चिंच, आंब्यासारख्या झाडांसाठी परवानगी लागते, म्हणून छायाचित्रे आणि पंचनामा आधी करून घेणे शहाणपणाचे.

आणि उतरवणे म्हणजे नेहमी सगळेच उतरवणे नव्हे. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील महावटाचे मूळ खोड एकोणिसाव्या शतकातील चक्रीवादळांनी जखमी झाले, मग बुरशीने कुजले, आणि 1925 मध्ये ते कापून काढण्यात आले. वड आजही आपल्या पारंब्यांवर उभा आहे.