नोटॅम वाचला होता का?

एखादं छोटं विमान बंद धावपट्टीवर उतरलं किंवा मनाई असलेल्या हवाई हद्दीत घुसलं, की बातमी वाचणाऱ्याच्या तोंडी एकच प्रश्न येतो : हल्ली सगळं मोबाइलवर दिसतं, मग निघण्याआधी बघायला काय झालं होतं? प्रश्न रास्त वाटतो, पण त्यात गैरसमज दडलेले आहेत. त्यांतले काही बाहेरच्यांचे आहेत, तर काही खुद्द पायलट मंडळींचे. ही चर्चा मुख्यतः अमेरिकेतली आहे, कारण हौशी आणि खासगी विमानोड्डाण तिथे जितकं रुजलंय तितकं दुसरीकडे क्वचितच. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया इथे नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी विमान शिकणारी मराठी मुलंमुलीही आता भेटतात. त्यांच्या घरच्यांनाही हे ठाऊक असलेलं बरं.

पहिला गैरसमज चटकन निकालात काढू. ‘प्रायव्हेट पायलट’ म्हटल्यावर अब्जाधीशाचं खासगी जेट डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात हा परवाना सतराव्या वर्षी मिळू शकतो, त्यासाठी नियमानुसार किमान ४० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यावर भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. विमान बहुधा चार आसनी सेस्ना १७२ सारखं, तेही क्लबचं किंवा तासावर भाड्याने घेतलेलं. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की विमान कंपनीच्या वैमानिकामागे डिस्पॅचर असतो, हवामान आणि सूचना चाळून देणारा विभाग असतो. खासगी पायलटकडे यातलं कोणीच नसतं. चाळणीही त्याची आणि जबाबदारीही त्याचीच.

‘माहिती ऑनलाइन आहे, म्हणजे ती हाताशी आहे’

मूळ दुखणं इथे आहे. अमेरिकेच्या हवाई नियमांतलं कलम ९१.१०३ सांगतं की उड्डाणाआधी पायलटने त्या उड्डाणाबाबत उपलब्ध असलेली सगळी माहिती करून घेतली पाहिजे. धावपट्ट्यांची लांबी आणि उड्डाण-उतरणीला लागणारं अंतर प्रत्येक वेळी. विमानतळाच्या परिसराबाहेर जायचं असेल तर हवामान, इंधन, बेत फसला तर पर्याय काय, हेही. ‘सगळी’ या शब्दाला नियमात मर्यादा नाही. काही चुकलं तर ती माहिती कुठेतरी उपलब्ध होती एवढं दाखवणं पुरेसं ठरू शकतं.

आता ही माहिती कशी येते ते पाहा. धावपट्टी बंद आहे, दिवा बिघडलाय, क्रेन उभी आहे, असे बदल ‘नोटॅम’ नावाच्या सूचनेतून कळवले जातात. नमुन्यादाखल एक ओळ : ‘आरडब्ल्यूवाय ०६/२४ सीएलएसडी २५०६१४१२००-२५०६१४२२००’. अर्थ असा, की ०६/२४ ही धावपट्टी १४ जून २०२५ रोजी १२ ते २२ या वेळात बंद. पण ही वेळ घड्याळातली नव्हे, ती यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. न्यू जर्सीत जूनमध्ये त्यातून चार तास वजा करायचे, म्हणजे सकाळी ८ ते संध्याकाळी ६. हिवाळ्यात पाच तास वजा करायचे. दुपारी बाराला बंद होईल, अकराला उतरून घेऊ, असं समजणारा माणूस बंद धावपट्टीसमोर येऊन ठेपतो. ही लघुरूपं टेलिप्रिंटरच्या जमान्यातली आहेत. तेव्हा एकेक अक्षर महाग होतं. आज ते कारण उरलेलं नाही, लिपी मात्र तशीच आहे.

आणि ही ओळ एकटी येत नाही. शे-दीडशे मैलांच्या मार्गाचं ब्रीफिंग मागवलं, तर कुठल्याशा मोबाइल टॉवरवरचा लाल दिवा बंद आहे, अशा सूचनांची रांग लागते. भर दुपारी, त्या टॉवरच्या कितीतरी वरून जाणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य. त्यांच्याच मधे, त्याच ठशात, तेवढ्याच महत्त्वाने धावपट्टी बंद असल्याची ओळ असते. जिवावर बेतणारं आणि निरुपयोगी, दोन्हींचा चेहरा सारखाच.

हा हौशी लोकांचा कांगावा आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ७ जुलै २०१७ ची रात्र. एअर कॅनडाचं ७५९ क्रमांकाचं एअरबस ए-३२० सॅन फ्रान्सिस्कोला उतरत होतं. शेजारशेजारच्या दोन धावपट्ट्यांपैकी २८-एल त्या रात्री बंद होती, तिचे दिवे मालवलेले होते. वैमानिकांनी उजेडातली २८-आर हीच डावीकडची धावपट्टी आहे असं समजून घेतलं आणि तिच्या उजव्या बाजूच्या टॅक्सीवेवर उतरायला निघाले. तिथे चार विमानं प्रवाशांसह रांगेत उभी होती. एअरबस शेवटच्या क्षणी वर उचललं गेलं, तेव्हा ते जमिनीपासून जेमतेम ६० फुटांवर होतं. २८-एल बंद असल्याचा नोटॅम वैमानिकांना मिळाला होता. सत्तावीस पानी कागदपत्रांत तो आठव्या पानावर होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचे, म्हणजे एनटीएसबीचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट समवॉल्ट स्वतः वैमानिक. त्यांनी २०१८ च्या सुनावणीत नोटॅमच्या या ढिगाची संभावना थेट कचरा अशी केली. डिस्पॅचर पाठीशी असलेल्या दोन व्यावसायिक वैमानिकांच्या नजरेतून जी ओळ निसटते, ती एकट्या हौशी पायलटने दर वेळी टिपावीच, अशी अपेक्षा धरून यंत्रणा चालवणं मला धोक्याचं वाटतं.

‘नकाशावर लाल वर्तुळ नाही, म्हणजे आकाश मोकळं’

तात्पुरती उड्डाणबंदी, अर्थात टीएफआर, आता ॲपमध्ये रंगीत वर्तुळ होऊन दिसते. त्यामुळे वर्तुळ नसेल तर बंदीही नाही, असं गृहीत धरलं जातं. मात्र एफएए या अमेरिकी हवाई नियामकाच्या टीएफआर नकाशावरच कित्येक वर्षं अशा अर्थाची सूचना झळकत आली आहे की ही यादी अपुरी असू शकते, उड्डाणाच्या नियोजनासाठी तिच्यावर विसंबू नका, ताज्या माहितीसाठी फोन करा. सरकारी नकाशानेच स्वतःवर विसंबू नका म्हटल्यावर पायलटने बघावं तरी कुठे? ही चीड मला पूर्णपणे पटते.

सर्वांत विचित्र गोष्ट स्टेडियमांची. तीस हजार किंवा त्याहून जास्त आसनांच्या स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉल किंवा बेसबॉलचा वरच्या दर्जाचा सामना असेल, तर भोवती ३ नॉटिकल मैल आणि जमिनीपासून ३,००० फुटांपर्यंत उड्डाणाला बंदी असते. सामन्याआधी एक तास सुरू होते, सामना संपल्यावर एका तासाने उठते. नियंत्रकांची परवानगी घेऊन त्यांच्या संपर्कात असलेल्या विमानांना सूट असते. पण या बंदीचा नोटॅम एकच आणि कायमचा. त्यात आज कुठे सामना आहे, किती वाजता आहे, हे लिहिलेलंच नसतं! न्यू जर्सीतलं मेटलाइफ स्टेडियम टेटरबरो विमानतळाच्या अगदी लगत आहे. तिथून जाणाऱ्या पायलटला जायंट्स आणि जेट्स या संघांचं वेळापत्रक ठाऊक हवं. सामना लांबला तर किती लांबला, हेही त्यानेच शोधायचं. काही ॲप हे वेळापत्रक स्वतः गोळा करून दाखवतात. ते त्या कंपन्यांचं चांगलं काम आहे, पण कायद्याने बांधणाऱ्याने ते करायला हवं होतं.

राष्ट्राध्यक्षांच्या मुक्कामाची बंदी याहून कडक. आतलं वर्तुळ साधारण १० नॉटिकल मैलांचं, त्यात खासगी विमानांना जवळपास संपूर्ण मज्जाव. बाहेरचं ३० मैलांचं. त्यातून जायचं तर फ्लाइट प्लॅन, नियंत्रकांनी दिलेला स्वतंत्र ट्रान्सपाँडर कोड आणि रेडिओवर अखंड संपर्क हवा. न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टरला ट्रम्प यांचा गोल्फ क्लब आहे. ते तिथे आले की सोलबर्ग आणि सॉमरसेट हे छोटे विमानतळ आतल्या वर्तुळात सापडतात आणि तिथली प्रशिक्षण उड्डाणं थांबतात. एडिसन-ब्रिजवॉटर पट्ट्यात मराठी वस्ती मोठी आहे. तिथे राहून उडायला शिकणाऱ्याला हे वर्तुळ चांगलंच परिचयाचं होतं. ५ जुलै २०२५ ला याच हद्दीत शिरलेल्या एका खासगी विमानाला लढाऊ विमानाने अडवलं, आणि त्या शनिवार-रविवारी हद्द ओलांडणारं ते एकमेव नव्हतं. या बंदीच्या वेळा मुक्कामाच्या बेताप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या रात्री पाहिलेला नकाशा सकाळी पुन्हा पाहावा लागतो. इथे दोष फक्त यंत्रणेच्या माथी मारता येणार नाही. निघण्याआधी पाच मिनिटं पुन्हा तपासणं हे पायलटचंच काम आहे.

‘पडद्यावरचा पाऊस आत्ताचा आहे’

हा गैरसमज पायलटांचा आणि तो जीवघेणा आहे. कॉकपिटमधल्या टॅब्लेटवर रडारचं रंगीत चित्र दिसतं, कोपऱ्यात लिहिलेलं असतं : एक मिनिटापूर्वीचं. हे एक मिनिट मोजलं जातं ते अनेक रडारांची चित्रं जोडून एकत्र नकाशा तयार झाला तेव्हापासून. प्रत्येक रडारला आकाश वेगवेगळ्या कोनांतून न्याहाळायला काही मिनिटं लागतात, मग ते सगळं गोळा होतं, जोडलं जातं, पाठवलं जातं. एनटीएसबीने जून २०१२ मध्ये खास इशारा दिला की प्रत्यक्ष पाऊस पडद्यावर लिहिलेल्या वयापेक्षा १५ ते २० मिनिटांनी जुना असू शकतो. ३० नॉट वेगाने सरकणारा गडगडाटी ढग वीस मिनिटांत १० नॉटिकल मैल पुढे येतो. पडद्यावर जी फट हिरवी दिसते, तिथे तोवर ढगाचा गाभा आलेला असू शकतो. वादळाला लांबून वळसा घालण्यासाठी हे चित्र उत्तम आहे. दोन ढगांमधून वाट काढायला त्याचा वापर कधीही करू नये.

अंदाजाचंही तेच. विमानतळासाठी निघणारा ‘टॅफ’ हा हवामान अंदाज त्या विमानतळाभोवतीच्या पाच मैलांपुरता असतो. निघायच्या आणि पोहोचायच्या ठिकाणचे दोन टॅफ चांगले आहेत, म्हणून मधली डोंगररांगही स्वच्छ असेल, असं त्यातून निघत नाही. छोट्या विमानतळांना तर टॅफ मिळतच नाही.

‘फोन केला नाही, तर ब्रीफिंग ग्राह्य नाही’

जुन्या पिढीतल्या प्रशिक्षकांकडून हे अजून ऐकू येतं. वस्तुस्थिती अशी की खासगी उड्डाणासाठी माहिती अमुकच ठिकाणाहून घ्या, असं नियम सांगत नाही. एफएएने २०२१ मध्ये मार्गदर्शक परिपत्रक काढून पायलटने स्वतःच माहिती घेण्याला उत्तेजन दिलं. फोनवर ब्रीफिंग देणाऱ्या फ्लाइट सर्व्हिसची जबाबदारी २००५ मध्येच खासगी कंत्राटदाराकडे गेली, ड्युएट्स ही जुनी सरकारी ऑनलाइन सेवा मे २०१८ मध्ये बंद झाली. तरी फोनवरचा ब्रीफर अजून आहे आणि मला तो मोलाचा वाटतो, विशेषतः नवख्यांसाठी. संकेतस्थळ दोनशे ओळी देतं. माणूस ‘तुमच्या मार्गावर दुपारनंतर ढग खाली येतील, मी तुमच्या जागी असतो तर थांबलो असतो’ एवढं बोलू शकतो. मात्र त्याने काहीही सांगितलं, तरी जबाबदारी त्याच्याकडे जात नाही.

‘फ्लाइट प्लॅन भरला, आता आपल्यावर लक्ष आहे’

नाही. नजरेने उडण्याच्या नियमांखाली अमेरिकेत बहुतेक ठिकाणी प्लॅन भरणं ऐच्छिक आहे. भारतात एका विमानतळावरून दुसरीकडे जायचं तर फ्लाइट प्लॅन आणि हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांक लागतो. त्या सवयीतून आलेल्याला हे मोकळेपण चकित करतं. पण भरलेला प्लॅन निघाल्यावर सुरू करावा लागतो. तो नियंत्रकांच्या पडद्यावर दिसत नाही, त्याचा हेतू शोध आणि बचावकार्य एवढाच. उतरल्यावर तो पायलटनेच बंद करायचा, टॉवर आपोआप करत नाही. नियोजित वेळेनंतर अर्धा तास उलटला की चौकशीचे फोन सुरू होतात. आणि भरला पण सुरूच केला नाही, तर तुम्ही पोहोचला नाहीत हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

‘तक्रार करणारे आळशी असतात’

ऑक्टोबर २०१० मध्ये ओक्लाहोमाचे सिनेटर जिम इनहोफ टेक्सासमधल्या पोर्ट इसाबेलजवळ बंद धावपट्टीवर उतरले. धावपट्टीवर कामगार होते. बंदचा नोटॅम निघालेला होता, तो त्यांनी पाहिला नव्हता. चूक उघड होती, पुन्हा प्रशिक्षण घ्यावं लागलं. त्यानंतर त्यांनी ऑगस्ट २०१२ मध्ये ‘पायलट्स बिल ऑफ राइट्स’ हा कायदा करून घेतला. नोटॅम शोधता यावेत, महत्त्वाचे वर यावेत, त्यांचा पसारा कमी व्हावा, हे काम त्या कायद्याने एफएएवर सोपवलं.

११ जानेवारी २०२३ च्या पहाटे संपूर्ण नोटॅम यंत्रणाच कोलमडली. मुख्य आणि राखीव डेटाबेस जुळवताना कंत्राटदाराच्या माणसांकडून अनवधानाने फायली पुसल्या गेल्या होत्या. देशभरातली उड्डाणं थांबवावी लागली, हजारो विमानं रखडली. त्याच वर्षी जूनमध्ये नोटॅम सुधारणेसाठी आणखी एक कायदा करावा लागला. म्हणजे ज्या गोष्टी पायलट मागत होते, त्या २०१२ मध्येच कायद्याच्या पुस्तकात होत्या.

त्या मागण्या साध्या आहेत. बंद धावपट्टी सगळ्यांच्या वर, ठळक. यूटीसीशेजारी स्थानिक वेळ. दिवसा उडणाऱ्याच्या यादीतून टॉवरचे दिवे बाजूला. स्टेडियमच्या बंदीत त्या दिवसाच्या सामन्याची वेळ. आणि सरकारी नकाशावर, त्यावर विसंबता येईल, अशी सरकारचीच हमी. तोवर पायलटांनी एक जुना उपाय सोडू नये : जिथे उतरायचंय त्या छोट्या विमानतळाच्या कार्यालयात फोन करून धावपट्टी चालू आहे का आणि इंधन आहे का, हे विचारून घ्यावं. गवत कापणारा ट्रॅक्टर कुठे उभा आहे, हे तिथल्या माणसाला खिडकीतून दिसतं.