ब्लास्टिंग कॅबिनेट घेताना आधी हवेचा हिशेब

वरसे रोह्याला लागून, आणि धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत जवळच. अशा भागातल्या लहान वर्कशॉपकडे येणारं काम ओळखीचं असतं : गंजलेले फ्लॅंज, पंपाची केसिंग, व्हॉल्व्हच्या बॉडी, इंपेलर, शेतीपंप, दुचाकीचे सुटे भाग. वायर ब्रश आणि ग्राइंडरने हात भरून आले की मालक सक्शन ब्लास्टिंग कॅबिनेटची चौकशी सुरू करतो. पहिला प्रश्न असतो पेटी केवढी आणि किंमत किती. हे दोन्ही प्रश्न शेवटी विचारायचे आहेत.

‘आपला ५ एचपीचा कॉम्प्रेसर आहेच, त्यावर चालेल.’ सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. सक्शन गनमध्ये आतल्या बारीक जेटमधून हवा वेगाने सुटते, तिथे दाब एकदम उतरतो आणि त्या ओढीने खालच्या हॉपरमधला ग्रिट, म्हणजे माऱ्याचे कण, नळीतून वर येतो. ग्रिट उचलायचा आणि जॉबवर आदळायचा, अशी दोन्ही कामं एकाच हवेला करावी लागतात. ८० पीएसआय दाबावर ३.२ मि.मी.च्या जेटला साधारण १७ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, तर ४.८ मि.मी.च्या जेटला ३८ च्या आसपास. एका एचपीमागे ढोबळमानाने ४ सीएफएम धरले, तर ५ एचपीतून मिळतात २०. म्हणजे छोटा जेट कसाबसा चालतो, तोही कॉम्प्रेसरला क्षणाची उसंत न देता.

यावर ‘टाकी मोठी घेऊ’ असा उपाय सुचवला जातो. टाकी हवा साठवते, तयार करत नाही. गरज ३८ सीएफएमची आणि पुरवठा २० चा असेल, तर २२० लिटरच्या भरलेल्या टाकीचा दाब १० बारवरून ६ वर यायला दोन मिनिटंही लागत नाहीत. कॉम्प्रेसर विकत घेताना आणखी एक गोष्ट बजावून विचारा. कॅटलॉगमध्ये ठळकपणे छापलेला आकडा बहुधा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा असतो. प्रत्यक्ष मिळणारी हवा, म्हणजे एफएडी, त्याहून बरीच कमी भरते. जेट झिजतो हेही हिशेबात धरा. ३.२ चा ३.६ मि.मी. झाला की हवा सव्वापट लागते, आणि ‘मशीन मंदावलं’ अशी तक्रार सुरू होते.

कोकणात या हवेला पाण्याचीही बाजू आहे. रोह्याला वर्षाकाठी ३,००० मि.मी.हून जास्त पाऊस पडतो. पावसाळ्यात तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर एका घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी असतं. २० सीएफएमचा कॉम्प्रेसर तासाला ३४ घनमीटर हवा ओढतो, म्हणजे तिच्यासोबत पाऊण लिटरहून अधिक पाणी. दाबाखाली हवा थंड झाली की त्यातलं बहुतेक पाणी बाहेर पडतं. ते टाकीत काढून टाकलं नाही तर नळीत जातं, ग्रिटचे गोळे होतात आणि गन तुंबते. गन बदलून यावर इलाज होत नाही. मॉइश्चर सेपरेटर, रोज टाकीचं पाणी सोडणं आणि शक्य असेल तर रेफ्रिजरेटेड एअर ड्रायर, हा खर्च आपल्याकडे कॅबिनेटच्या किमतीतच धरायला हवा.

‘पेटी बंदच असते, मग नदीची वाळू चाळून वापरली तर काय बिघडलं?’ बिघडतं ते कामगाराचं फुप्फुस. वाळूचा कण आदळून फुटतो आणि स्फटिकी सिलिकाची डोळ्याला न दिसणारी धूळ होते. दार उघडताना, हातमोज्याच्या फाटक्या टोकातून, फिल्टर झटकताना ती बाहेर येते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसला बरं करणारं औषध नाही. ब्रिटनने ओतीव भागांवरचा वाळूचा मारा १९४९ च्या नियमांनी बंद केला. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसची गणना सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांत केली. तरी वाळू स्वस्त म्हणून ती आजही भरली जाते, याचा मला राग येतो. ॲल्युमिना किंवा गार्नेट महाग दिसतं, पण ते पुन्हा पुन्हा वापरता येतं. वाळू पहिल्याच फेरीत पीठ होते. आणि माध्यम कोणतंही असो, डस्ट कलेक्टर हवाच. गंज आणि जुना रंग यांचीही धूळ होते, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं.

ग्लास बीडने जॉब चकचकीत होतो म्हणून तो सगळ्याला चालेल, असंही नाही. गोल मणी पृष्ठभाग साफ करतात, खडबडीत करत नाहीत. पावडर कोटिंग किंवा प्रायमर धरायला खडबडीतपणा लागतो, तो टोकदार ॲल्युमिना देतो. प्रेशर ब्लास्टिंग सक्शनच्या कित्येक पट वेगाने काम करतं हे खरं, पण हवाही तशीच भरपूर मागतं. दिवसाला थोडे, छोटे जॉब असतील तर सक्शन पुरे.

‘ब्लास्ट झाला की जॉब रंगाला तयार’ हा धाटावच्या कामात विशेष धोकादायक समज आहे. ब्लास्टिंगने गंज जातो, तेल आणि क्षार जातातच असं नाही. तेलकट जॉब आत टाकला तर सगळा ग्रिट तेलकट होतो आणि पुढच्या प्रत्येक जॉबला तेल लागतं. रसायनाच्या लाइनवरून आलेला व्हॉल्व्ह आधी कशात होता हे विचारून, निष्प्रभ करून, धुऊन, वाळवूनच कॅबिनेटमध्ये घ्या. साध्या लोखंडावर वापरलेला ग्रिट स्टेनलेस स्टीलवर मारू नका. त्यातले लोखंडाचे कण रुततात आणि काही दिवसांत एसएसवर गंजाचे ठिपके उठतात. दोन्हींसाठी ग्रिट वेगळा हवा. पावसाळ्यात साफ केलेलं लोखंड बघता बघता लाल पडतं, म्हणून प्रायमर हाताशी ठेवूनच काम सुरू करा. धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त असावं, हा नियम रंगकामात जगभर पाळला जातो.

पैसे देण्याआधी आपला सर्वांत वाईट गंजलेला जॉब घेऊन विक्रेत्याकडे जा. आपल्याकडे आहे तितक्याच सीएफएमच्या हवेवर तो अर्धा तास सलग चालवायला सांगा. दाब टिकतो का, काच धुरकटते का आणि पेटीबाहेर धूळ दिसते का, एवढं स्वतः बघा. नकार देणाऱ्याकडून घेऊ नका.