तुडतुडे पाच जणांनी मिळून कसे शोधावे?



धान निसवायला लागले की कोंढा परिसरात धुऱ्याधुऱ्यावर एकच विचारणा असते, "भाऊ, तुमच्या बांधीत तुडतुडा आहे का जी?" एक म्हणतो, "लय आहे." दुसरा म्हणतो, "काहीच नाही." दोघेही खरे बोलतात, पण फवारायचे की नाही, हे त्यातून कुणालाच कळत नाही. 2017 च्या खरिपात तुडतुड्यांनी भंडारा-गोंदियाकडचे उभे धान वाळवले, शासनाला मदत जाहीर करावी लागली.

हा किडा चुडाच्या बुंध्याशी, पाण्यालगत बसतो. धुऱ्यावरून तो दिसायचा नाही. म्हणून पाच-सहा शेजाऱ्यांनी आठवड्यातली एक सकाळ ठरवावी. कोण कोणत्या बांधीत उतरणार हे आधी बोलून घ्यावे, नाहीतर सगळेच रस्त्याकडची बांधी पाहून येतात! प्रत्येकाने वेगवेगळ्या ठिकाणचे 20 चूड वाकवून बुंधा पाहावा आणि आकडा तिथेच कागदावर लिहावा.

कागद वाचून होईपर्यंत चर्चा नको. मोठे काका "यंदा कीड नाही" म्हणाले, की पोराने मोजलेले बारा तुडतुडे त्याच्या तोंडातच राहतात. म्हणून सर्वांत लहानाने आधी वाचावे. मग खुशाल वाद घाला. कुणी यालाच मावा म्हणतो. नावावरून भांडू नका, किडा बाटलीत घालून आणा.

1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने 150 गावांत शेतकऱ्यांची मंडळे करून 20 कार्यक्रम ऐकवले. ऐकून झाले की मंडळी त्यावर बोलत. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा या गावांतील लोकांच्या माहितीत बरीच जास्त भर पडली. ऐकणे तेच, फरक बोलण्याचा.

चुडामागे सरासरी 5 ते 10 तुडतुडे भरले, तर उपायाची वेळ आली समजा. कोळी किती दिसले तेही सांगा, तो तुडतुडे खातो. घाईने सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले औषध मारले, तर कोळी मरतात आणि तुडतुडे उलट वाढतात.

कृषी विभागाला एकानेच कळवावे. नुसता फोटो पाठवून "हे काय?" विचारू नये. वाण, रोवणीची तारीख, किती चूड पाहिले आणि सरासरी किती, एवढे लिहावे. ज्या बांधीत काही सापडले नाही, तिचे शून्यही लिहावे; कीड कोणत्या बाजूने सरकते आहे, ते त्यावरूनच कळते.