लहान साधन, मोठा आधार

जयपूर जिल्ह्यातील बस्सी येथील एका विद्यार्थ्याला पन्नास पत्रे लिहावयाची आहेत, अशी कल्पना करा. प्रत्येक पत्रात संपूर्ण पत्ता न लिहिता त्याने एक छोटी खूण लिहिली आणि तिचा अर्थ एकाच ठिकाणी नोंदविला, तर खुणेच्या जागी पत्ता घालण्याचे काम संगणक करील. घर बदलल्यास दुरुस्तीही एकाच ठिकाणी करावी लागेल. अशा खुणेस ‘मॅक्रो’ म्हणतात व तिचा विस्तार करणाऱ्या आज्ञावलीस ‘मॅक्रो प्रोसेसर’.

‘एम-फोर’ हा असाच मॅक्रो प्रोसेसर होय. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांनी तो १९७७ मध्ये तयार केला. त्याची ग्नू प्रकल्पातील मुक्त आवृत्ती १९९० मध्ये आली. ‘ऑटोकॉन्फ’ हे साधन एम-फोरवरच उभे आहे. मूळ आज्ञावली निरनिराळ्या संगणकांना जुळवून घेणारी ‘कॉन्फिगर’ नावाची सूचनावली ऑटोकॉन्फ तयार करते.

एम-फोर सर्वांना सहज मिळावा, म्हणून त्याचे ‘पॅकेज’ बांधतात. पॅकेज बांधणारा एक प्रकारची कृती लिहितो : मूळ आज्ञावली कोठून घ्यावी, ती अस्सल आहे हे कसे पडताळावे, कोणती साधने आधी हवीत, बांधणी व चाचणी कशी करावी. तयार झालेले पॅकेज संगणकावर बसविणे व काढणे हे काम ‘पॅकेज व्यवस्थापक’ करतो.

येथे एक पेच उद्भवतो. एम-फोरच्या बांधणीसाठी कॉन्फिगर सूचनावली हवी; ती ऑटोकॉन्फ बनवितो; आणि ऑटोकॉन्फला एम-फोर हवा! हे चक्र तोडण्यासाठी एम-फोरच्या मूळ आज्ञावलीसोबत तयार सूचनावलीच दिलेली असते.

आधार हलला की बांधणीही अडते. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्नू सी लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती आली. एम-फोरची तेव्हाची १.४.१८ ही आवृत्ती त्या लायब्ररीच्या काही अंतर्गत तपशिलांवर विसंबून होती. ते तपशील बदलताच नव्याने बांधणी होईना. आधी बांधलेला एम-फोर चालत होता. परंतु प्रणाली मुळापासून उभारणाऱ्यांचे काम थांबले. पॅकेज बांधणाऱ्यांनी आपापल्या कृतींत छोटी दुरुस्ती, म्हणजे ‘पॅच’, जोडली. एम-फोरची पुढील आवृत्ती, १.४.१९, मे २०२१ मध्ये आली. तोपर्यंत या पॅचनेच काम चालले.

अशा दुरुस्त्यांचा लाभ दूरवर पोहोचतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची ‘बॉस लिनक्स’ ही भारतीय प्रणाली डेबियन या मुक्त प्रणालीवर आधारलेली आहे. एका ठिकाणी नीट बांधलेले पॅकेज अशा रीतीने अनेकांच्या उपयोगी पडते. वापरणाऱ्याला ते बहुधा दिसतही नाही. मात्र पायातील दगड दिसत नसला, तरी इमारतीचा भार त्यावरच असतो.